विमाने उतरताना का कोसळतात?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या गावाहून महागावला येताना वाटेत एक नाला लागतो. त्यावर पूल नाही, नुसता रपटा आहे. त्या दिवशी पहाटेपासून पावसाने झोडपले होते आणि रपट्यावरून गढूळ पाणी वाहत होते. एसटीच्या ड्रायव्हरने गाडी अलीकडेच उभी केली. अकराला माझा पेपर होता. कुणाला दवाखाना गाठायचा होता, कुणाची कोर्टात तारीख होती. "काढा ना भाऊ गाडी, एवढ्याशा पाण्याले काय भेता?" असा गलका सुरू झाला. त्या गलक्यात सर्वांत मोठा आवाज माझा होता, हे आज कबूल करतो. ड्रायव्हर वाद घालत बसला नाही. "पाणी उतरू द्या, मंग पाहू," एवढेच म्हणून त्याने इंजिन बंद केले. पाणी उतरायला दोन तास लागले. माझा पेपर बुडाला.

पेपर बुडाल्याचा राग मनात असतानाच वाचनालयात कोझिकोडच्या विमान अपघाताची हकिगत वाचण्यात आली. ती वाचून मी थबकलो. त्यातून या विषयाचा नाद लागला आणि एका अपघातावरून दुसऱ्याकडे असे वाचत गेलो. मी कला शाखेचा विद्यार्थी. विमानात कधी बसलेलो नाही. आपल्या शिवारावरून उंचावर पांढरी रेघ ओढत जाणारी विमाने पाहतो, तेवढाच काय तो परिचय. तरीही जे समजले ते साध्या भाषेत मांडावे, म्हणून हा प्रपंच.

विमान कोसळले की आपण दोनपैकी एक उत्तर देऊन मोकळे होतो. "हवामान खराब होते" हे पहिले आणि "वैमानिक चुकला" हे दुसरे. पहिल्या उत्तरात सारा दोष आभाळावर जातो, दुसऱ्यात तो एका माणसावर येतो; आणि पुष्कळदा तो माणूस उत्तर द्यायला हयात नसतो. चौकशीचे अहवाल मात्र वेगळेच चित्र दाखवतात. अपघात ही बहुधा साखळी असते, आणि तिची एखादी कडी वेळीच तुटली असती तर पुढचे सारे टळले असते.

प्रथम विमान उतरते कसे ते पाहू. मोठे प्रवासी विमान साधारण तीन अंशांच्या उताराने धावपट्टीकडे येते. म्हणजे सुमारे एकोणीस मीटर पुढे सरकले की एक मीटर खाली. त्या वेळी त्याचा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास असतो. ढगात जमीन दिसत नसली तरी धावपट्टीजवळच्या यंत्रांकडून येणाऱ्या रेडिओलहरींच्या आधारे वैमानिक हा उतार धरून ठेवतो. परंतु सर्वसाधारण यंत्रणेत हा आधार जमिनीपासून सुमारे २०० फुटांपर्यंतच पुरेसा मानला जातो. तेथे पोचल्यावर धावपट्टी किंवा तिचे दिवे प्रत्यक्ष डोळ्यांना दिसलेच पाहिजेत. न दिसल्यास इंजिनांना जोर देऊन पुन्हा वर उठायचे. यालाच वैमानिक 'गो अराउंड' म्हणतात. २०० फुटांवरून जमीन जेमतेम सतरा-अठरा सेकंदांवर असते. निर्णय घ्यायला मिळणारा वेळ एवढाच.

आता खराब हवा नेमके काय बिघडवते? पहिली गोष्ट म्हणजे ती डोळ्यांना फसवते. काचेवरून पाण्याचे थर वाहू लागले की प्रकाशाची दिशा बदलते आणि आपण प्रत्यक्षापेक्षा अधिक उंचीवर आहोत असा भास वैमानिकाला होऊ शकतो. मग तो नकळत विमान आणखी खाली आणतो. रात्रीच्या अंधारात हा धोका वाढतो.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. गडगडाटी ढगातून कधीकधी थंड हवेचा प्रचंड लोट सरळ खाली येतो आणि जमिनीवर आपटून चोहोबाजूंना पसरतो. विमान त्यात शिरले की आधी समोरून वारा लागतो व विमान वर उचलले जाते. वैमानिक इंजिनाचा जोर कमी करतो. दुसऱ्याच क्षणी वरचा लोट त्याला खाली दाबतो, आणि लगेच पाठीमागून वारा लागून पंखांचे बळ आणखी घटते. न्यूयॉर्कला जून १९७५ मध्ये असा अपघात झाला. त्याचा अभ्यास करून फुजिता या शास्त्रज्ञाने हा प्रकार जगापुढे मांडला. तरीही १९८५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतच डॅलसला तशाच लोटात सापडून एक विमान पडले आणि १३७ माणसे गेली. त्यानंतर मात्र असा वारा आधीच ओळखणारी रडार यंत्रे विमानात व विमानतळांवर बसवण्याला वेग आला.

तिसरी गोष्ट पाठीमागच्या वाऱ्याची. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उतरतात, हे आपण शेतात नेहमी पाहतो. विमानाचेही तसेच आहे. पंखांना हवेचा ठरावीक वेग लागतोच. म्हणून वारा मागून असेल तर जमिनीवरचा वेग तेवढा वाढतो. ढोबळ हिशेब करू. ताशी २६० किलोमीटरने उतरणाऱ्या विमानामागे ताशी २६ किलोमीटरचा वारा असला तर जमिनीवरचा वेग २८६ होतो. वेग दहा टक्के वाढला असे वाटते. परंतु थांबायला लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ते सुमारे एकवीस टक्के वाढते.

चौथी गोष्ट ओल्या धावपट्टीची. वेगात असलेल्या टायरखालून पाणी बाजूला सरले नाही, तर टायर पाण्याच्या थरावर तरंगतो आणि ब्रेक लावूनही पकड मिळत नाही. पावसात मोटारसायकल घसरलेल्या कोणालाही हे समजावून सांगण्याची गरज नाही.

महाराष्ट्राच्या भूमीवर अशा दुर्घटना घडून गेल्या आहेत. ७ जुलै १९६२ रोजी रात्री मुंबईकडे येणारे इटलीचे एक विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले आणि त्यातील सर्व ९४ जण दगावले. मुंबई प्रत्यक्षापेक्षा जवळ आली असे समजून वैमानिकाने ढगांतून वेळेआधीच उंची सोडली होती. ४ ऑगस्ट १९७९ रोजी पुण्याहून मुंबईला निघालेले विमान खराब हवेत पनवेलजवळच्या डोंगरात कोसळले व ४५ जण गेले. २२ जून १९८२ च्या पहाटे मुसळधार पावसात सांताक्रूझला उतरणारे एअर इंडियाचे 'गौरीशंकर' हे बोइंग ७०७ विमान धावपट्टीच्या सुमारे १,३०० फूट अलीकडेच जोराने आदळले. विमानातील १११ जणांपैकी १७ मरण पावले. उंचीचे भान न राहिल्यामुळे वैमानिकाने इंजिनांची शक्ती कमी केली, असा निष्कर्ष चौकशीत निघाला. या घटनांत पाऊस वा ढग होतेच. पण त्यांनी विमान पाडले नाही. "आपण कुठे आहोत" याविषयी माणसाची समजूत त्यांनी चुकवली. अपघात त्या चुकलेल्या समजुतीतून घडला.

आता कोझिकोडकडे वळतो. ही हकिगत आपल्या विदर्भाला जवळची आहे. ७ ऑगस्ट २०२० रोजी, कोरोनाच्या काळात, परदेशी अडकलेल्यांना घेऊन एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान दुबईहून केरळात कोझिकोडला आले. विमानात १९० जण होते. कॅप्टन होते दीपक साठे, कुटुंब नागपूरचे. वायुसेनेच्या अकादमीत मानाची तलवार मिळवलेले, सुमारे बावीस वर्षे वायुसेनेत काढलेले, दहा हजार तासांहून अधिक उड्डाणाचा अनुभव असलेले. कोझिकोडच्या धावपट्टीवर ते अनेकदा उतरलेले होते. ही धावपट्टी टेकडीचा माथा सपाट करून बांधलेली आहे. तिच्या टोकापलीकडे उतार.

संध्याकाळी जोराचा पाऊस होता. पहिल्या प्रयत्नात धावपट्टी दिसली नाही, म्हणून विमान नियमाप्रमाणे पुन्हा वर उठले. त्याच दरम्यान कॅप्टनच्या बाजूचा वायपर बंद पडला. दुसरा प्रयत्न उलट दिशेने झाला, आणि त्या दिशेला वारा मागून होता, सुमारे १४ नॉट म्हणजे ताशी २६ किलोमीटरचा. विमान स्थिर उतारावर राहिले नाही. सुमारे ८,८५० फूट लांबीच्या धावपट्टीच्या पहिल्या तिसऱ्या हिस्स्यात चाके टेकायला हवी होती. ती टेकली सुमारे ४,४०० फुटांवर, म्हणजे निम्मी धावपट्टी संपल्यावर. चाके टेकण्यापूर्वी सहवैमानिकाने "गो अराउंड" असे म्हटले होते. ते झाले नाही. विमान टोकावरून खाली शंभरावर फूट कोसळले आणि त्याचे तीन तुकडे झाले. आग लागली नाही हे नशीब. दोघे वैमानिक धरून २१ जण गेले.

अपघातानंतर प्रथम सर्वत्र कॅप्टनच्या शौर्याचे गुणगान झाले. सप्टेंबर २०२१ मध्ये चौकशीचा अहवाल आला तेव्हा चित्र पालटले. ठरलेली कार्यपद्धती न पाळणे, अस्थिर अवस्थेत उतरत राहणे, "गो अराउंड"ची सूचना होऊनही न उठणे, हे संभाव्य कारण म्हणून नोंदले गेले. आणि सहवैमानिकाने नियंत्रण आपल्या हाती घेतले नाही, हेही. आदल्या वर्षीचे वीर दुसऱ्या वर्षी दोषी झाले. मला ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात, कारण तोच अहवाल पुढे आणखी सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी कोझिकोडहूनच दुसरे विमान न्यायचे काम याच कॅप्टनकडे होते. कारण त्या तळावर पुरेसे कॅप्टन नव्हते. दुसऱ्या शहराकडे वळले असते तर विश्रांतीच्या नियमामुळे ते काम अडले असते. शिवाय ज्येष्ठ आणि कनिष्ठ यांच्यातील अंतर मोठे होते; कनिष्ठाला धोका दिसला, त्याने तो शब्दांत सांगितलाही, परंतु तेवढ्याने भागले नाही. यंत्रणेतील उणिवांना अहवालाने सहायक कारण म्हणून जागा दिली आहे.

म्हणजे कड्या किती झाल्या? पाऊस, वायपर, मागचा वारा, टेकडीवरची धावपट्टी, उद्याचे काम, पोचण्याची ओढ, आणि न ऐकलेला एक शब्द. यातली शेवटची कडी तोडणे माणसाच्या हाती होते, हे खरेच. चूक ती चूकच. पण बाकीच्या कड्या घडवणारे हात त्या कक्षात नव्हते, हेही तितकेच खरे.

पाऊस हेच कारण असते तर २२ मे २०१० चा मंगळूरचा अपघात घडायला नको होता. त्या सकाळी हवा चांगली होती. तिथेही धावपट्टी टेकडीवरची, तिथेही चाके फार उशिरा टेकली आणि तिथेही सहवैमानिकाने "गो अराउंड" म्हटले होते. १६६ पैकी १५८ जण गेले. दहा वर्षांच्या अंतराने तोच शब्द दोनदा उच्चारला गेला, आणि दोन्ही वेळा उशीर झाला.

उपाय कोणते? धावपट्टीच्या टोकाला मोकळी सुरक्षित जागा हवी. काही देशांत तिथे विमानाची चाके रुतून ते थांबेल असे मऊ ठोकळेही बसवतात. वाऱ्याची व पावसाची अचूक माहिती वैमानिकाला वेळेवर मिळायला हवी. कनिष्ठाला नियंत्रण हाती घेण्याचे शिक्षण आणि धीर द्यायला हवा. आणि सर्वांत महत्त्वाचे, परत वळणाऱ्याला "का वळलास?" असे विचारले जाऊ नये. वळल्याबद्दल ज्याला जाब द्यावा लागतो, तो पुढच्या वेळी वळताना कचरतो. हे सोपे नाही, कारण टळलेला अपघात कुणालाच दिसत नाही. दिसतो तो फक्त झालेला उशीर.

सप्टेंबर २०२१ मध्ये उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर पुराच्या पाण्यात एसटी वाहून गेली व माणसे दगावली, हे आपल्या भागात कोणी विसरलेले नाही. तरीही त्या दिवशी रपट्याच्या अलीकडे बसून मी ओरडत होतोच. पोचण्याची ओढ किती आंधळी असते, ते मला कोझिकोडच्या अहवालाआधी माझ्याच घशाने सांगितले होते. मला ते नंतर कळले. चाळीस माणसांचा गलका कानांवर घेऊन इंजिन बंद करणाऱ्या त्या ड्रायव्हरचे नावही मी विचारले नाही. पुन्हा कधी त्याच गाडीत भेट झाली, तर त्याच्याजवळ जाऊन एवढेच म्हणायचे ठरवले आहे : "भाऊ, त्या दिवशी तुमचंच बरोबर होतं."