शब्दस्मरण चाचणी

शब्दस्मरण चाचणी ही मानवी स्मृतीचे मापन करण्यासाठी मानसशास्त्रात वापरली जाणारी एक चाचणी आहे. तीत व्यक्तीला शब्दांची यादी ऐकवली किंवा दाखवली जाते आणि त्यांपैकी किती शब्द आठवतात हे तत्काळ अथवा काही काळानंतर तपासले जाते. प्रायोगिक संशोधन, मेंदूच्या इजेनंतरची तपासणी आणि वृद्धांमधील स्मृतिभ्रंशाची प्राथमिक चाचपणी यांसाठी तिचा उपयोग होतो. चाचणीचे गुण व्यक्तीच्या स्मृतीबरोबरच तिचे शिक्षण, भाषा आणि पाठांतराच्या सवयी यांवरही अवलंबून असतात. सातारा व सांगली जिल्ह्यांतील काही उदाहरणांवरून ही बाब समजून घेता येते.

स्मृतीचे टप्पे

स्मृतीच्या कार्याचे तीन टप्पे मानले जातात : माहितीचे संकेतन, साठवण आणि प्रत्यावाहन, म्हणजे साठवलेली माहिती पुन्हा मनात आणणे. एखादा शब्द आठवला नाही म्हणजे तो पुसला गेला असे नव्हे. 'ते एक फळ होते' अशी सूचना मिळताच 'आंबा' हा शब्द अनेकदा आठवतो. अशा वेळी साठवण शाबूत असते, प्रत्यावाहनात अडथळा असतो.

अल्पकालीन स्मृतीची क्षमता मर्यादित असते. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये ती साधारण सात घटकांची असल्याचे मांडले. नंतरच्या संशोधकांनी ती चारच्या आसपास मानली. दीर्घकालीन स्मृती घडण्यात मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागाचा मोठा वाटा असतो. १९५३ मध्ये हेन्री मोलेसन या अमेरिकन रुग्णाच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हा भाग बहुतांशी काढण्यात आला. त्यानंतर त्यांना नवे प्रसंग लक्षात ठेवता येईनात. मात्र बालपणीच्या अनेक आठवणी आणि क्षणभर आकडे धरून ठेवण्याची क्षमता टिकून राहिली.

चाचणीचे प्रकार

हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून विस्मरणाचा वेग मोजला आणि १८८५ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. विस्मरण आरंभी जलद व पुढे मंद होते, असे त्यांना आढळले. आज प्रचलित असलेले मुख्य प्रकार असे :

मुक्त स्मरण : शब्द कोणत्याही क्रमाने सांगता येतात.
क्रमिक स्मरण : शब्द ऐकलेल्या क्रमानेच सांगावे लागतात.
सूचक स्मरण : शब्दाचा वर्ग किंवा अन्य खूण सांगून मदत केली जाते.
प्रत्यभिज्ञा : दाखवलेल्या शब्दांपैकी यादीत कोणते होते ते ओळखायचे असते.

मुक्त स्मरणात यादीच्या आरंभीचे व शेवटचे शब्द मधल्या शब्दांपेक्षा अधिक आठवतात. आरंभीच्या शब्दांची मनात अधिक उजळणी झालेली असते, तर शेवटचे शब्द अल्पकालीन स्मृतीत ताजे असतात. यादीनंतर थोडा वेळ अंक मोजायला लावल्यास शेवटच्या शब्दांचा हा लाभ नाहीसा होतो, असे ग्लान्झर व क्युनिट्झ यांनी १९६६ मध्ये दाखवले. स्मरण करताना अर्थाने जवळचे शब्द आपोआप एकत्र येतात. 'नांगर, खिडकी, बैल, चटई, शेत' अशी यादी ऐकलेली व्यक्ती नांगर, बैल व शेत हे शब्द सलग सांगण्याचा संभव अधिक असतो.

वेदपठण आणि क्रमिक स्मरण

सातारा जिल्ह्यातील कृष्णाकाठचे वाई हे संस्कृत विद्येचे जुने केंद्र आहे. त्याच जिल्ह्यातील औंध येथून श्रीपाद दामोदर सातवळेकर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वेदसंहिता छापून प्रसिद्ध केल्या. हे ग्रंथ छापले जाण्यापूर्वी कित्येक शतके मुख्यतः मुखपाठाने टिकले होते. त्यासाठी पाठाचे विविध प्रकार योजलेले आहेत. क्रमपाठात शब्द १-२, २-३ अशा जोड्यांनी म्हणतात. जटापाठात १-२, २-१, १-२ असा क्रम असतो. घनपाठात १-२, २-१, १-२-३, ३-२-१, १-२-३ अशी रचना असते. प्रत्येक शब्द शेजारच्या शब्दांशी अनेक वेळा बांधला गेल्याने एखादा शब्द गळाल्यास वा बदलल्यास चूक लगेच उघडी पडते.

हार्टझेल व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतातील २१ वैदिक पंडितांच्या मेंदूंची तुलना तितक्याच अन्य व्यक्तींशी केली. पंडितांच्या मेंदूच्या बाह्यकातील काही भागांची जाडी आणि उजव्या हिप्पोकॅम्पसच्या पुढील भागातील करड्या द्रव्याचे प्रमाण अधिक आढळले. हा फरक पाठांतरामुळेच झाला, असे एकाच वेळी केलेल्या तुलनेतून सिद्ध होत नाही. शिवाय घनपाठी व्यक्तीचे कौशल्य स्वर, लय व क्रम यांवर उभे असते. एकदाच ऐकलेल्या सुट्या शब्दांची यादी आठवणे ही निराळी कसोटी आहे.

शिक्षण, भाषा आणि वय

शालेय शिक्षण घेतलेल्या व्यक्तींना असंबद्ध शब्द जाणीवपूर्वक पाठ करण्याचा सराव असतो, त्यामुळे त्यांचे गुण सामान्यतः अधिक येतात. भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये सातारा जिल्ह्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, तेव्हा ग्रामीण बहुजन समाजातील बहुतेकांना शाळा उपलब्ध नव्हती. शाळेत न गेलेल्या वृद्धाचे कमी गुण म्हणजे आजार, असा अर्थ लावल्यास निदान चुकू शकते.

ही अडचण ओळखून १९९० च्या दशकात हरियाणातील बल्लभगढ येथे निरक्षर वृद्धांसाठी मानसिक अवस्थेची हिंदी चाचणी तयार करण्यात आली. तीत १०० मधून सातसात वजा करण्याऐवजी वार उलट्या क्रमाने सांगायचे असतात. मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने राबवलेल्या वृद्धत्वविषयक राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या पहिल्या फेरीत (२०१७–१८) ४५ वर्षांवरील व्यक्तींना दहा शब्द ऐकवून ते तत्काळ व काही वेळाने पुन्हा विचारण्यात आले.

यादीचे केवळ भाषांतर पुरेसे नसते. उच्चारास लांब असलेले शब्द कमी संख्येने आठवतात. तसेच सातारा–सांगली भागात रब्बी ज्वारीस 'शाळू' म्हणतात; तेथील शेतकऱ्यास सहज असलेला हा शब्द इतरत्र अपरिचित ठरू शकतो. स्थळकाळाविषयीच्या प्रश्नांतही अशीच दक्षता लागते. आजचा सांगली जिल्हा १९४९ ते १९६० या काळात 'दक्षिण सातारा' या नावाने ओळखला जाई. जिल्ह्याचे नाव विचारल्यावर एखाद्या वृद्धाने हे जुने नाव सांगितले, तर दूरची आठवण शाबूत असल्याचे दिसते. अलीकडची माहिती टिकते की नाही हे मात्र वेगळे तपासावे लागते.

मर्यादा

ऐकू कमी येणे, नैराश्य, अपुरी झोप, काही औषधे आणि परीक्षेचा ताण यांमुळेही गुण घटतात. म्हणून एका चाचणीवरून स्मृतिभ्रंशाचे निदान केले जात नाही. दैनंदिन व्यवहारातील बदलांविषयी कुटुंबीयांनी दिलेली माहिती, वैद्यकीय तपासणी आणि काही महिन्यांनी घेतलेली पुनर्चाचणी यांचा एकत्रित विचार केला जातो. तत्काळ आठवलेले शब्द थोड्या वेळाने आठवत नसतील आणि सूचना देऊनही परत येत नसतील, तर नव्या माहितीच्या साठवणीतच दोष असण्याची शक्यता वाढते. अल्झायमर रोगाच्या आरंभीच्या अवस्थेत बहुधा हे लक्षण दिसते.