ध्वनिचित्र-पाठांच्या सेटिंगचे जतन

शाळेतील पाठ्यपुस्तक गहाळ झाले तर त्याची दुसरी प्रत मिळते. परंतु शिक्षकाने स्वतः लिहिलेले पाठटाचण गहाळ झाले तर ते कोणत्याही भांडारात विकत मिळत नाही. शाळेच्या संगणकातही हाच भेद आढळतो.

जून २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत लोकसहभागातून संगणक व प्रोजेक्टर आले. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा अनेक शिक्षकांनी आपले पाठ स्वतः मुद्रित केले. अकोले तालुक्यातील डोंगराळ वाड्यावस्त्यांवर जेथे रेंज अपुरी पडते, तेथे संगणकात साठविलेले पाठच उपयोगी पडतात. ती हार्डडिस्क बंद पडली, तर वर्गाचे काम थांबते.

अशा वेळी बालभारतीची पुस्तके पुन्हा उतरवून घेता येतात; चित्रफिती शेजारच्या शाळेतून मिळू शकतात. परंतु इयत्तावार लावलेला पाठांचा क्रम, वर्गाच्या मानाने ठरविलेला आवाज, मुद्रणासाठी रचलेली दृश्ये, ही सेटिंग शिक्षकाच्या अनेक दिवसांच्या श्रमाचे फळ होय. ती दुसऱ्या कोणाकडेही नसते.

ही सेटिंग चित्रफितींच्या फोल्डरमध्ये राहत नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे. विंडोज संगणकात ती ‘ॲपडेटा’ नावाच्या फोल्डरमध्ये, त्यातील ‘रोमिंग’ या भागात असते. आणि हा फोल्डर सामान्यतः दृष्टीआड ठेवलेला असतो. त्यामुळे केवळ दिसणारे फोल्डर उतरवून घेणाऱ्याच्या हातून नेमकी तीच वस्तू सुटते.

जतनाची रीत सोपी आहे.

१. व्हीएलसी, ओबीएस इत्यादी कार्यक्रम प्रथम पूर्णपणे बंद करावेत.

२. विंडोजची कळ दाबून ‘आर’ दाबावे. येणाऱ्या चौकटीत दोन टक्केचिन्हांच्या मध्ये ‘ॲपडेटा’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहावा. ‘रोमिंग’ फोल्डर उघडतो.

३. त्यातील ‘व्हीएलसी’ व ‘ओबीएस-स्टुडिओ’ हे फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन त्यावर दिनांक घालावा. पाठांच्या याद्या निराळ्या साठविल्या असतील, तर त्याही घ्याव्यात.

४. दुसरी प्रत शाळेबाहेर, सुरक्षित जागी ठेवावी. त्याच हार्डडिस्कच्या दुसऱ्या भागात ठेवलेली प्रत ही प्रत नव्हे. डिस्कबरोबर तीही जाते.

ओबीएसच्या फोल्डरमध्ये शाळेच्या यूट्यूब वाहिनीची गुप्त प्रक्षेपण-कळ असू शकते. म्हणून तो समूहावर पाठवू नये.

डिस्कमधून टकटक असा आवाज येऊ लागला अथवा फाइली फार सावकाश उघडू लागल्या, तर धोका जवळ आला असे समजावे. तेव्हा दुरुस्तीचे प्रयोग न करता, जे अन्यत्र मिळणार नाही ते प्रथम बाहेर काढावे. एसएसडी मात्र पुष्कळदा काहीही सूचना न देता बंद पडते.

नवी डिस्क बसविल्यावर ते कार्यक्रम पुन्हा बसवावेत, एकदा उघडून बंद करावेत, आणि मग जतन केलेले फोल्डर मूळ जागी ठेवावेत. पाठ पूर्वी ‘डी’ ड्राइव्हवर असतील, तर नव्या ड्राइव्हलाही तेच अक्षर द्यावे. एरव्ही यादी दिसते, पण पाठ सुरू होत नाहीत.

जतन केलेली प्रत खरोखर चालते की नाही, हे सत्राच्या आरंभी दुसऱ्या संगणकावर पडताळून पाहावे. केंद्राच्या शिक्षण परिषदेत दोन शाळांनी परस्परांच्या प्रती पडताळल्या तर हे काम अल्पावधीत होते. तसे झाल्यास डिस्क बिघडली तरी नवी डिस्क येताच मुलांचा पाठ जेथे थांबला तेथून पुढे सुरू होईल.