खर्जाला पुढे आणणारा जॉन एन्टविसल

रॉक बँड ऐकताना कान आधी गायकाकडे जातो, मग गिटारकडे. बेस गिटार ऐकू येते ती बहुतेक वेळा ती थांबल्यावर. तिच्या चार जाड तारा गिटारपेक्षा सप्तकभर खाली लावलेल्या असतात, आणि ड्रमचा ठेका धरून गाण्याला खर्जाचा आधार देणं हे तिचं ठरलेलं काम. ‘द हू’ या ब्रिटिश बँडच्या जॉन एन्टविसलने या कामाची व्याख्याच बदलली.

त्याचा जन्म १९४४चा, वाढला लंडनच्या चिझिकमध्ये. लहानपणी पियानो, ट्रम्पेट आणि फ्रेंच हॉर्न शिकला. शाळेत पीट टाउनशेंड भेटला, ‘द हू’चा पुढचा गिटारवादक. पहिली बेस त्याने स्वतःच्या हाताने बनवली. ती घेऊन रस्त्याने जाताना रॉजर डाल्ट्रीने, ‘द हू’च्या पुढच्या गायकाने, त्याला हटकलं आणि आपल्या बँडमध्ये बोलावलं. तोच बँड पुढे ‘द हू’ झाला. सुरुवातीच्या काळात एन्टविसल प्राप्तिकर खात्यात नोकरीही करत होता!

‘द हू’मध्ये कामांची वाटणी उलटी होती. टाउनशेंड कॉर्ड्सचे घणाघाती फटके देत ताल सांभाळायचा. ड्रमर कीथ मून ठेक्यात बांधून घेणाऱ्यातला नव्हता, तो गाण्याच्या प्रत्येक वळणावर उसळायचा. सुरावटीची जागा मोकळी राहिली, आणि ती बेसने भरली. १९६५च्या ‘माय जनरेशन’मध्ये एन्टविसलने चक्क एकल वादन केलं. रॉकच्या ध्वनिमुद्रिकेत बेसला असा मान तोवर क्वचितच मिळाला होता. त्यासाठी त्याला डॅनइलेक्ट्रो बेसच्या बारीक, खणखणीत तारा हव्या होत्या. त्या तुटायच्या, आणि सुट्या मिळत नसत. म्हणून तो तारेपायी अख्खी बेसच पुन्हा विकत घ्यायचा. शेवटी दुसऱ्याच बेसवर ते वादन मुद्रित झालं.

हा तारांचा ध्यास मला त्याच्या कारकिर्दीतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. त्या काळी बेसच्या तारांवरचं वेटोळं सपाट पट्टीचं असे, त्यामुळे आवाज गोल आणि दबका येई. १९६६मध्ये रोटोसाउंड कंपनीसोबत बसून एन्टविसलने गोल तारेच्या वेटोळ्याचा संच आपल्याला हवा तसा करून घेतला. या तारांना पियानोसारखी झळाळी होती. खालचा स्वरही गर्दीतून स्पष्ट वर यायचा. पुढे रॉकमधल्या असंख्य बेसवादकांनी हाच आवाज आपला मानला. १९७३च्या ‘क्वाड्रोफिनिया’तलं ‘द रिअल मी’ ऐका : गाण्याला पुढे खेचते ती बेस. त्याच अल्बममधली हॉर्न वाद्येही त्यानेच वाजवली आहेत. शाळकरी शिक्षण तिथे कामी आलं.

रंगमंचावर टाउनशेंड हात गरगरा फिरवी, डाल्ट्री मायक्रोफोन भिरकावी. एन्टविसल एका जागी उभा असे, हलत ती फक्त बोटं. पण मूनच्या ड्रमवर मात करायला त्याने मोठमोठे मार्शल स्पीकर आणले, टाउनशेंडही त्याच मार्गाने गेला, आणि आवाजाची चढाओढ दोघांच्याही कानांना भोवली. उतारवयात एन्टविसलची श्रवणशक्ती बरीच गेली होती.

२७ जून २००२ रोजी, अमेरिकेच्या दौऱ्याच्या आदल्या दिवशी, लास व्हेगासच्या हॉटेलात तो हृदयविकाराने गेला. कोकेनचा त्यात वाटा होता. वय ५७. दौरा काही दिवसांतच सुरू झाला, त्याच्या जागी पिनो पॅलाडिनो उभा राहिला. पॅलाडिनो अव्वल वादक, पण त्याची बेस गाण्याच्या पोटात राहून वाजते. १९७०चा ‘लाइव्ह ॲट लीड्स’ हा मैफलीचा अल्बम आणि एन्टविसलच्या मृत्यूनंतरच्या मैफली लागोपाठ ऐकल्या, तर तो नेमकं काय करत होता ते कळतं.