जुलाब थांबतात, मग पाय

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात हातपाय लुळे पाडणारी साथ आली, तेव्हा संशयाची सुई आधी पाण्याकडे वळली. ते स्वाभाविकही होते. पाण्याबरोबर पोटात जातो तो जंतू. पुढचा घात मात्र रुग्णाच्याच रक्तातली प्रतिपिंडे करतात.

गुलेन बॅरी सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे, दोनशेहून अधिक संशयित रुग्ण त्या साथीत नोंदले गेले. काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू सापडला, काहींत नोरोव्हायरस. जेजुनीचे जुलाब आठवडाभरात आटोक्यात येतात. खरी भानगड त्यानंतरची.

या जीवाणूच्या बाह्य आवरणावर शर्करेची साखळी असते. काही वाणांत तिचे टोक माणसाच्या मज्जातंतूंवरील जीएम-१ या गँग्लिओसाइडसारखे, म्हणजे शर्करा जोडलेल्या मेदरेणूसारखे, हुबेहूब दिसते. जीवाणूसाठी घडवलेली प्रतिपिंडे मग तंतूलाही चिकटतात. जागाही मोक्याची: मायलिनच्या वेष्टनात ठरावीक अंतरावर उघड्या राहिलेल्या रॅनव्हिएच्या गाठी. विद्युत संदेश एका गाठीवरून दुसरीवर उड्या घेतच पुढे जातो. प्रतिपिंडांमागोमाग रक्तातली 'कॉम्प्लिमेंट' प्रथिने तिथे येतात, तंतूच्या पटलाला भोके पाडतात, सोडियमच्या वाहिन्या विस्कटून टाकतात. संदेश अडतो. पायरी चढताना पाऊल उचलत नाही, मग हातातले बळ जाते. साधारण चौघा-पाचांत एकाला व्हेंटिलेटर लागतो.

जपानच्या नोबुहिरो युकी यांच्या गटाने २००४ मध्ये सशांना जेजुनीच्या आवरणातला हाच शर्करेच्या साखळीचा घटक टोचला. सशांच्या रक्तात जीएम-१विरोधी प्रतिपिंडे आली आणि त्यांचे पाय लुळे पडले. तरीही जेजुनीची बाधा झालेल्या साधारण हजारांत एकालाच जीबीएस होतो. तोच एक का, याचे समाधानकारक उत्तर अजून नाही.

उपचारांत स्टेरॉइड उपयोगी पडत नाहीत. इतक्या आत्मप्रतिकार रोगांत ती हमखास वापरली जात असताना हे चक्रावणारेच. एक मार्ग प्लाझ्मा बदलून घातक प्रतिपिंडे काढून टाकण्याचा. दुसरा त्याहून अजब: हजारो दात्यांच्या प्लाझ्मातून गोळा केलेली प्रतिपिंडेच शिरेतून द्यायची. ही 'आयव्हीआयजी' वजनाच्या दर किलोला रोज ०.४ ग्रॅम, असे ५ दिवस देतात. ६० किलोच्या माणसाला १२० ग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅमच्या २४ कुप्या, आणि एकेक कुपी हजारो रुपयांची. दुखणे सुरू झाल्यापासून पहिल्या दोन आठवड्यांत ती दिली, तर गुण अधिक येतो.