शेषाला सगळं ठाऊक होतं

'नागिन' मालिकेचं पहिलं पर्व कलर्स वाहिनीवर नोव्हेंबर २०१५ मध्ये सुरू झालं आणि जून २०१६ मध्ये संपलं. पुढे आणखी पर्वं आली, नागिणी बदलल्या. पण गिरणीवर दळण ठेवून बसलेल्या बायकांत विषय निघाला की अजून आठवतात त्या पहिल्या दोघीच, मौनी रॉयची शिवन्या आणि अदा खानची शेषा.

गोष्ट तुम्हाला माहीतच आहे. नागमण्यापायी शिवन्याच्या आईबापांना मारलेलं. त्याचा सूड घ्यायला ती सून होऊन त्याच घरात शिरते. नवऱ्याला, रितिकला, तिचा भूतकाळ माहीत नाही आणि ती कोण आहे हेही माहीत नाही. माहीत आहे ते फक्त शेषाला. शेषा म्हणजे मैत्रीण, बहिणीसारखी, सूडातली भागीदार. आणि तिचाही जीव रितिकवरच जडतो! तिथून मैत्री नासायला लागते, ती इतकी की दुसऱ्या पर्वात शेषा उघड वैरीण होऊन उभी राहते.

रूप बदलणं, फणा काढणं, निळा उजेड हे सगळं सोडून द्या. बायका त्या मालिकेला का खिळल्या, याचं माझं उत्तर वेगळं आहे. जिला सगळं सांगितलं तीच उलटली तर काय, ही भीती नागिणीची नाहीच मुळी. ती आपली आहे.

जवळा बाजारसारख्या गावात तर फारच. औंढा नागनाथ तालुक्यातलं हे बाजारपेठेचं गाव. हळद-सोयाबीनच्या मालाबरोबर इथे बातमीही येते आणि भाव ठरायच्या आधी गावभर होते. शहरात गर्दीत माणूस लपतं. इथे नवीन सुनेला 'कोणाची गं तू? माहेर कुठलं?' एवढं विचारलं की पुरे, बाकीची चौकशी वसमत-परभणीला एक फोन करून होते. तरीही काही गोष्टी झाकलेल्या राहतात. मोडलेलं पहिलं लग्न. पळून गेलेली बहीण. लहानपणी येणारे झटके. कर्जापायी वडिलांनी औषध पिऊन जीव दिला, ही गोष्ट सोयरीक जमवताना 'आजारपणानं गेले' अशी सांगितलेली. मराठवाड्यात अशी घरं काही एकदोन नाहीत.

यातलं काही ना काही पोटात घेऊन बाई सासरी येते आणि दोन-चार वर्षांनी कुणा एकीला सांगते. बचत गटाच्या मीटिंगहून परतताना, नाहीतर शेताच्या वाटेवर.

जिला सांगत नाही, ती मात्र रागावते. 'इतकी वर्षं एका ताटात जेवलो आणि मला हे बाहेरून कळावं?' हा राग मी पुष्कळदा ऐकलाय. दुखणं खरं आहे, पण मला तो राग पटत नाही. एका बाजूला तुमची मैत्री आणि दुसऱ्या बाजूला तिचं अख्खं घर, असं तोलून ती गप्प बसलेली असते. तो तुमच्यावरचा अविश्वास नसतो हो, ती तिची धास्ती असते.

'तुला पाहते रे' आठवते? ऑगस्ट २०१८ ते जुलै २०१९ झी मराठीवर घरोघरी चालली. तिथे पुनर्जन्म होता, राजनंदिनीची ईशा झाली. सुबोध भावेंच्या विक्रांत सरंजामेचा काळा भूतकाळ पूर्ण ठाऊक असलेला माणूस म्हणजे त्याचा झेंडे. म्हणजे बघा, गुपित जाणणारी मैत्री मालिकेत दोनच तऱ्हांची. एक तर शेषासारखी उलटणारी, नाहीतर झेंडेसारखी गुन्ह्यात हात घालणारी. नुसतं ऐकून पोटात ठेवणारी मैत्रीण दाखवली, तर मालिका पुढे सरकायची कशी?

ती आपल्या नागपंचमीच्या कहाणीत आहे! माहेर नसलेली धाकटी सून, तिला न्यायला शेषभगवान ब्राह्मणाचं रूप घेऊन येतात. सासरी विचारतात, हा कोण? ती म्हणते, माझा मामा. वारुळात नेल्यावर मात्र ते आपलं खरं रूप तिला स्वतः सांगतात, ते लपवून ठेवत नाहीत. पुढे तिच्या हातून दिवा पडतो आणि नागाच्या पिल्लांच्या शेपट्या भाजतात. मोठी झाल्यावर ती पिल्लं सूड घ्यायला तिच्या घरी येतात. बघतात तर ती पाटावर नाग काढून, लाह्या-दूध ठेवून त्यांचीच खुशाली मागतेय, माझे भाऊ जिथे असतील तिथे सुखी असोत म्हणून. ती तिथेच विरघळतात. दूध पिऊन, तिच्यासाठी नवरत्नांचा हार ठेवून निघून जातात.

नावं दोन्हीकडे तीच, शेष आणि शेषा. कहाणी आपल्या आज्यांनी दरवर्षी पाटापुढे बसून सांगितली, आणि ऐकणाऱ्यांत बऱ्याच जणी माहेर आटलेल्याच असायच्या. मालिका रात्री संपली की सकाळी गिरणीवर तिची चर्चा व्हायची. त्या चर्चेत कडेला बसलेली एखादी काहीच बोलत नसे, पीठ झालं की डबा उचलून निघून जायची. तिचं काय असेल ते असेल. मागून 'हिला काय झालं गं?' असं कुणी विचारलं, की तिची मैत्रीण म्हणायची, 'काही नाही, घाईत असेल.'