चिखलातली पेनल्टी

पालघरच्या किनाऱ्यावर, वैतरणा जिथे समुद्राला मिळते त्या दातिवऱ्यासारख्या गावात, खेळायला सपाट जागा म्हणजे ओहोटीला उघडी पडणारी पुळण, नाहीतर गवताचा मोकळा तुकडा. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणारा हा पट्टा, आणि फुटबॉलला रंग चढतो तोही ऐन पावसात. मग शेवटच्या पाच मिनिटांत पेनल्टी मिळते आणि चेंडू ठेवायचा ठिपका घोटाभर पाण्याखाली असतो. नियमपुस्तकात चिखलाला सूट नाही. रेफरीला जे करता येतं, त्यातलं बहुतेक शिट्टी वाजण्याआधीच करावं लागतं.

सामन्याआधीची फेरी

मैदान खेळण्याजोगं आहे की नाही हे रेफरी ठरवतो. सामना थांबवणं, तहकूब करणं, रद्द करणं हे अधिकार त्याचेच. खांद्याच्या उंचीवरून चेंडू सोडून पाहिला की बरंच कळतं. चेंडू जागच्या जागी रुतत असेल तर पेनल्टीच काय, साधा पासही जाणार नाही. ही परीक्षा मधल्या वर्तुळात नको, दोन्ही गोलांच्या तोंडाशी आणि पेनल्टीच्या ठिपक्यांवर घ्यावी, कारण जमीन सगळ्यात जास्त तिथेच तुडवली जाते. पाणी बादलीने उपसून कोरडी रेती किंवा लाकडाचा भुसा टाकला तर तासभर तरी निभावतं.

फक्की पावसात टिकत नाही म्हणून काही जण चुन्याचा जाड थर देतात. तो टाळावा. ओला चुना कातडी भाजतो, डोळ्यात गेला तर फारच वाईट, आणि मैदानावरच्या रेघा धोकादायक नसाव्यात असं नियमच सांगतो. ‘साहेब, पाहुणे आलेत, आता कसं रद्द करणार?’ हा आयोजकांचा युक्तिवाद मात्र कुठल्याच नियमात नाही.

ठिपका पुसला गेला तर

तो पुन्हा आखायचा, अंदाजाने मानायचा नाही. दोन खांबांच्या मधोमध गोलरेषेपासून 11 मीटर, म्हणजे 12 यार्ड. इंग्लंडमध्ये 30 एप्रिल 1977 रोजी डर्बी काउंटी आणि मँचेस्टर सिटी यांच्या सामन्यात हेच घडलं. डर्बीचं बेसबॉल ग्राउंड चिखलासाठी बदनाम होतं. पेनल्टी दिली तेव्हा ठिपका कुठेच दिसेना. मैदानाची देखभाल करणारा माणूस टेप आणि रंगाची बादली घेऊन आला, मोजमाप करून त्याने ठिपका रंगवला, मगच गेरी डेलीने किक मारून गोल केला. डर्बीने सामना 4-0 असा जिंकला.

गावातल्या स्पर्धेत टेप ऐनवेळी सापडत नाही. अकरा मीटरवर गाठ मारलेली सुतळी टेबलापाशी ठेवली तरी काम भागतं. खेळाडूने मात्र बुटाने स्वतः खूण करायची नाही. परवानगीशिवाय मैदानावर खुणा करणाऱ्याला पिवळं कार्ड आहे.

डबक्यातला चेंडू

चेंडू स्थिर हवा आणि त्याचा काही भाग तरी ठिपक्याच्या मध्यावर टेकलेला किंवा त्याच्या वर आलेला हवा. तेवढीच मोकळीक. शेजारची वीतभर कोरडी जागा दोन्ही कप्तानांना मान्य असली तरी चालत नाही. पाणी उपसता येतं, उचकटलेलं ढेकूळ दाबता येतं. किक मारणाऱ्याने पायाने जमीन जरा थोपटली तर रेफरी सहसा हरकत घेत नाही. प्रतिस्पर्धी येऊन बुटाच्या खिळ्यांनी ठिपका उकरू लागला तर तो खोडसाळपणा, त्याला कार्ड. वाऱ्याने चेंडू हलत असेल तर सोबत्याने बोटाने धरून ठेवण्याचा मार्गही इथे बंद, कारण किक मारणारा आणि गोली सोडून बाकी सगळे पेनल्टी एरियाच्या बाहेर हवेत.

पाय घसरला तर

चेंडूला पाय लागण्याआधीच खेळाडू आपटला तर काहीच झालेलं नाही. चेंडू अजून खेळात आलेला नाही, त्याने उठून पुन्हा मारावी. घोटाळा होतो तो घसरता घसरता चेंडू दुसऱ्या पायालाही लागतो तेव्हा. मे 2017 मध्ये मँचेस्टर सिटीविरुद्ध लेस्टरच्या रियाद महरेझचा गोल असाच रद्द झाला. मार्च 2025 मध्ये रेआल माद्रिदविरुद्धच्या टायब्रेकरमध्ये अ‍ॅटलेटिकोच्या हुलियान अल्वारेझची किक बाद झाली आणि जगभर वाद पेटला. त्यानंतर नियम सुधारला: असा दुहेरी स्पर्श चुकून झाला आणि गोल झाला, तर किक पुन्हा घ्यायची. गोल झाला नाही तर सामन्यात प्रतिस्पर्ध्यांना अप्रत्यक्ष फ्री किक आणि टायब्रेकरमध्ये ती संधी गेली. चिखलात खेळणाऱ्यांना हा बदल फार आधी हवा होता, असं माझं मत.

मध्येच रुतलेला चेंडू

चेंडू गोलरेषेच्या अलीकडे डबक्यात थांबला तर? चालू सामन्यात खेळ सुरूच असतो. जो आधी पोहोचेल त्याचा चेंडू, फक्त किक मारणाऱ्याने दुसऱ्या कुणाचा स्पर्श होईपर्यंत हात चोळत बसायचं. टायब्रेकरमध्ये चेंडू थांबला की किक संपली, मग तो रेषेपासून चार बोटांवर का असेना.

टायब्रेकरचं गोल

पृष्ठभागाचा स्पष्ट उल्लेख नियमांत येतो तो इथे. एरवी कोणत्या गोलावर किका घ्यायच्या हे नाणेफेकीने ठरतं. पण एका टोकाला तळं झालं असेल तर रेफरी नाणं न उडवता सरळ दुसरं टोक निवडू शकतो. एकदा निवडलं की बदल दोनच कारणांनी: सुरक्षितता, किंवा ते गोल वा तिथली जमीन निकामी होणं.

पुळणीवरचे नियम वेगळे

बीच सॉकरला स्वतंत्र नियम आहेत. बूट नाहीत, आणि पेनल्टीचा ठिपका आखलेलाच नसतो, गोलापासून 9 मीटरवर तो मानायचा. वाळूचा छोटा उंचवटा करून त्यावर चेंडू ठेवायची मुभाही आहे. 2023 साली याची राष्ट्रीय स्पर्धा सुरतला झाली, म्हणजे पालघरहून त्याच रेल्वेमार्गावर पुढे.

दातिवऱ्याच्या पुळणीवर अकरा-अकरा जणांचा सामना लावणाऱ्यांनी यातले कोणते नियम चालणार ते नाणेफेकीच्या वेळीच दोन्ही कप्तानांना सांगावं. वाळूचा ढीग चालतो की नाही, हा वाद पेनल्टी मिळाल्यावर सुरू झाला तर भरती येईपर्यंत मिटत नाही.