सही करण्यापूर्वी लेखकाने काय पाहावे?

मराठी प्रकाशनाचे माहेरघर एकेकाळी गिरगावात होते. खटाववाडीत मौजेचा छापखाना होता, ‘सत्यकथे’चे संपादन तेथूनच चाले, आणि नव्या लेखकाला प्रकाशक शोधायचा झाला तर लोकलने चर्नी रोडला उतरून चालत जाण्यापलीकडे फारशी यातायात करावी लागत नसे. आज लेखकही गिरगावात उरला नाही आणि वाचकही. तो पार्ले-अंधेरीत, बोरिवलीत, घाटकोपर-मुलुंडमध्ये गेला. त्याच्यापाठोपाठ प्रकाशनाचा व्यवसायही बदलत गेला. पण या बदलाची नीट कल्पना नसलेला लेखक अजून जुन्याच समजुतीवर व्यवहार करतो आणि फसतो.

सध्याचे नेहमीचे चित्र असे आहे. बँकेतून निवृत्त झालेल्या एखाद्या अधिकाऱ्याने किंवा शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिकेने आठवणी, कविता किंवा कादंबरी लिहून पूर्ण केलेली असते. नामवंत प्रकाशनसंस्थांकडून उत्तर येत नाही, किंवा दोन वर्षांनी नकार येतो. मग कोणीतरी ‘पॅकेज’ देऊ करतो: अमुक रक्कम भरा, तीनशे प्रती, मुखपृष्ठ, आयएसबीएन आणि प्रकाशनसमारंभ आमच्याकडे. भविष्यनिर्वाह निधीतली काही रक्कम त्यात जाते. समारंभ होतो, पुष्पगुच्छाऐवजी पुस्तके वाटली जातात, छायाचित्रे निघतात. आणि उरलेले गठ्ठे दिवाणखान्यातील पलंगाखाली जाऊन बसतात.

स्वतःच्या पैशाने पुस्तक काढण्यात कमीपणा मुळीच नाही. गेल्या शतकाच्या पूर्वार्धातही आगाऊ वर्गणीदार मिळवून मराठी ग्रंथ छापले जात. ग्रंथालीने सत्तरच्या दशकात वाचकांचीच चळवळ उभारून प्रकाशन केले, आणि १९७८ साली दया पवारांचे ‘बलुतं’ त्या मार्गाने वाचकांपुढे आले. अरुण कोलटकरांच्या कविता अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनासारख्या छोट्या संस्थेनेच काढल्या. तेव्हा प्रश्न पैसा कोणाचा, हा नसून त्या पैशाच्या बदल्यात लेखकाला काय मिळते आणि तो काय देऊन बसतो, हा आहे.

हिशेबाची बाजू प्रथम पाहू. उदाहरणादाखल तीनशे रुपये किमतीचे पुस्तक घ्या. वितरक आणि विक्रेता यांच्या हाती त्यातील चाळीस टक्के, म्हणजे एकशेवीस रुपये, जातात. दहा टक्के मानधन धरले तर लेखकाचे तीस. उरलेल्या दीडशे रुपयांत कागद, छपाई, बांधणी, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, चित्रकार, गोदाम आणि न खपलेल्या प्रतींचा तोटा एवढे सारे प्रकाशकाला भागवावयाचे असते. पाचशेची आवृत्ती पूर्ण खपली तरी लेखकाच्या पदरात पंधरा हजार रुपये पडतात. हे गणित समोर असले म्हणजे लेखक प्रकाशकाला लुटारू समजत नाही. आणि रक्कम भरून घेणाऱ्याकडे तपशील मागण्याचे धैर्यही त्याला येते. सोळा पानांचा एक फर्मा, असे किती फर्मे, कागद किती वजनाचा, प्रती नक्की किती, मुद्रितशोधन किती वेळा, याचे आकडे स्वतंत्रपणे लिहून मागावेत. जो ते देत नाही, त्याच्या वाटेला जाऊ नये. आयएसबीएन ही तर विकत देण्याची वस्तूच नव्हे. राजा राममोहन रॉय यांच्या नावाने चालणारी राष्ट्रीय यंत्रणा तो क्रमांक विनामूल्य देते, आणि लेखक-प्रकाशकालाही तो स्वतः मागता येतो.

तथापि पैशाहून मोठी गोष्ट हक्काची आहे, आणि तिच्याकडे आपल्याकडील लेखक कमालीचा दुर्लक्ष करतो. अण्णा भाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगर वस्तीतील झोपडीत राहून लिहीत होते. ‘फकिरा’ १९५९ साली निघाली. तिला राज्य शासनाचा पुरस्कार लाभला, त्यांच्या कादंबऱ्यांवर चित्रपटही निघाले. १९६९ च्या जुलैत ते गोरेगावात वारले, ते दारिद्र्यातच. भारतीय कायद्यानुसार लेखकाचा स्वामित्वहक्क त्याच्या निधनानंतर साठ वर्षे टिकतो. १९९२ पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. म्हणजे अण्णा भाऊंच्या साहित्यावरील हक्क २०२९ च्या अखेरीपर्यंत जिवंत आहे. लेखक गेल्यानंतरही पुस्तक साठ वर्षे कमावू शकते. ती कमाई वारसांकडे जायची की दुसऱ्या कोणाकडे, हे लेखकाने हयातीत कोणत्या कागदावर सही केली यावर ठरते.

१९५७ चा कायदा या बाबतीत लेखकाला समजतो त्याहून पुष्कळ अनुकूल आहे. हक्काचे हस्तांतर लेखी असले तरच वैध. कोणता हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती मोबदल्यात, हे त्यात नमूद करावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर हस्तांतर भारतापुरते. हक्क घेणाऱ्याने वर्षभरात त्याचा वापर केला नाही तर, करारात वेगळे काही म्हटले नसल्यास, तो हक्क लेखकाकडे परत येतो. दुर्दैव असे की कायदा मौनाच्या वेळी लेखकाचे रक्षण करतो, पण लेखकाने डोळे मिटून ‘कायमस्वरूपी, सर्व हक्कांसह’ या शब्दांखाली सही केली की ते रक्षण संपते. छापील नमुन्यात नेमके हेच शब्द असतात.

यात आता नवी माध्यमे आली आहेत. किंडलवर मराठी पुस्तके २०१६ च्या अखेरीस आली; ऐकण्याच्या पुस्तकांचे स्टोरीटेल २०१७ मध्ये भारतात आले. ऐंशीच्या दशकातील करारात या माध्यमांचा उल्लेख असणे शक्यच नव्हते, आणि २०१२ च्या दुरुस्तीने असे स्पष्ट केले की हस्तांतराच्या वेळी जे माध्यम अस्तित्वात वा व्यापारी वापरात नव्हते, ते त्याच्या विशिष्ट उल्लेखाशिवाय करारात येत नाही. आज सही करणाऱ्याने मात्र छापील, विद्युत् आणि श्राव्य अशा तिन्ही आवृत्त्या, तसेच अनुवाद आणि चित्रपट यांचे हक्क वेगवेगळे लिहून घ्यावेत. प्रकाशक जे माध्यम प्रत्यक्ष चालवत नाही, त्याचा हक्क त्याला देण्याचे कारणच काय? मागणीनुसार एकेक प्रत छापण्याची सोय झाल्यापासून आणखी एक अडचण उद्भवली आहे. पूर्वी ‘आवृत्ती संपल्यावर हक्क परत’ असे कलम पुरेसे होते. आता आवृत्ती कधी संपतच नाही. पुस्तक नावापुरते उपलब्ध राहते आणि हक्क अडकून पडतो. वर्षाकाठी ठराविक प्रतींखाली विक्री गेली की हक्क परत, अशी अट घालणे हाच त्यावरचा उपाय.

संपादनाचा विषय थोडक्यात सांगता येण्यासारखा नाही, पण टाळताही येत नाही. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकाची संहिता पुनःपुन्हा परत पाठवीत, आणि लेखक ती पुन्हा लिहीत. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडली. तेवढा वेळ आणि तेवढी चिकाटी आज मोजक्याच प्रकाशनसंस्थांना परवडते. पैसे देऊन पुस्तक काढायचेच असेल तर समारंभावरील खर्च निम्मा करून तो चांगल्या संपादकावर करावा, असे मला वाटते. पहिल्या पुस्तकासाठी राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजनाही आहे. तेथे हस्तलिखित जाणकारांच्या नजरेखालून जाते, हा पैशाहून मोठा लाभ समजावा.

विक्रीसाठी ग्रंथालये हा मराठी पुस्तकाचा अजूनही मोठा आधार आहे. पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ किंवा मुलुंडचा महाराष्ट्र सेवा संघ येथील नियमित वाचक हा कोणत्याही जाहिरातीहून अधिक विश्वासू प्रचारक होय. लेखकाने तेथे स्वतः जावे.

आणि शेवटची व्यवहाराची गोष्ट. पुस्तकाची जुळणी जुन्या फाँटमध्ये केली तर उद्या ती ई-पुस्तकासाठी नव्याने टंकावी लागते. म्हणून ती युनिकोडमध्ये करावी आणि अंतिम प्रत, मुखपृष्ठासह, लेखकाच्या ताब्यात द्यावी असे करारात लिहावे. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास व इतर नेमलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांस पुस्तकाची प्रत प्रकाशनानंतर तीस दिवसांत पाठवावयाची असते. ती पाठविल्याची पोच लेखकाने मागून घ्यावी.